जुनी पिकअप घेताना : गाडी कोणाच्या नावावर?

पुण्याच्या पेठांत माल वाहणाऱ्या लहान गाडीला, ती कोणत्याही कारखान्याची असो, 'टेम्पो' हेच नाव आहे. हे नाव ज्या उद्योगामुळे मराठीत रुजले तो बजाज टेम्पो हा कारखाना नगरच्या फिरोदिया घराण्यातील नवलमल फिरोदिया यांच्या पुढाकाराने १९५८ साली जर्मन सहकार्यातून उभा राहिला. 'हॅन्सीट' ही तीनचाकी, त्यानंतर आकुर्डीहून निघालेली मॅटाडोर, पुढे टाटांची १९८६ सालची ४०७ आणि २००५ सालची एस, असा हा वंशवृक्ष बव्हंशी पुणे परिसरातच वाढला. मार्केट यार्डातील भुसार गाळे, भवानी पेठेतील लाकूडबाजार आणि रविवार पेठेतील अरुंद गल्ल्या यांमधून आज धावणारी दीड टन क्षमतेची डिझेल पिकअप ही त्यातील सर्वांत कष्टाळू पिढी होय.

अशी गाडी घेण्याचा विषय व्यापारी घरात बहुधा भाड्याच्या हिशेबातून निघतो. महिनाअखेरीस भाडे, हमाली आणि वाराई यांची बेरीज डोळ्यांत भरते आणि नव्या पिढीतील कोणीतरी सुचवितो की पाच-सहा लाखांत चांगली जुनी पिकअप मिळते, मग दुसऱ्याचे भाडे का भरावे? विचार रास्त आहे. मात्र त्यानंतरची चर्चा रंग, मायलेज, टायर आणि किमतीतील घासाघीस यांभोवतीच फिरत राहते. गाडी आज कोणाच्या नावावर आहे आणि ती आपल्या नावावर नेमकी कोणत्या तारखेला होणार, हा प्रश्न शेवटी, आणि तोही दलालाला, विचारला जातो. वास्तविक तो पहिला प्रश्न असावयास हवा. आणि विकणाऱ्यासाठी तो घेणाऱ्याइतकाच, किंबहुना अधिक, महत्त्वाचा आहे.

मोटार वाहन कायदा, १९८८ मधील कलम ५० प्रमाणे गाडी त्याच राज्यात विकली गेल्यास विकणाऱ्याने १४ दिवसांत नोंदणी अधिकाऱ्यास कळवावयाचे असते आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत आपले नाव लावण्यासाठी अर्ज करावयाचा असतो. विक्रीची सूचना नमुना २९ मध्ये आणि हस्तांतराचा अर्ज नमुना ३० मध्ये. हे दोन कागद कोणत्याही व्यापाऱ्यास ठाऊक असतात. त्यांच्या मागील अर्थ मात्र ठाऊक नसतो. या कायद्याच्या व्याख्येनुसार गाडीचा 'मालक' म्हणजे ज्याच्या नावावर ती नोंदलेली आहे तो. पैसे कोणी मोजले, किल्ली कोणाकडे आहे, माल कोणाचा भरला आहे, हे प्रश्न त्या व्याख्येत येत नाहीत.

सर्वोच्च न्यायालयाने ६ फेब्रुवारी २०१८ रोजी दिलेला एक निकाल या संदर्भात प्रत्येक पेढीने लक्षात ठेवण्याजोगा आहे. २००७ साली विकलेली एक मोटार पुढे एकामागून एक अनेक हातांतून गेली. नोंदणी मात्र पहिल्याच मालकाच्या नावावर राहिली. २००९ साली त्या मोटारीने अपघात झाला, त्यात जीव गेला. ताबा त्या दिवशी भलत्याच व्यक्तीकडे होता. तरीही भरपाईची जबाबदारी नोंदणीकृत मालकावर, म्हणजे दोन वर्षांपूर्वी पैसे घेऊन मोकळ्या झालेल्या त्या पहिल्या गृहस्थावर आहे, असे न्यायालयाने ठरविले. अपघातग्रस्ताच्या कुटुंबाने विक्रीची साखळी शोधत फिरावे, अशी अपेक्षा करता येणार नाही, हा त्यामागील विचार होता. आणि तो न्याय्यच आहे.

हीच गोष्ट पिकअपला लावून पाहिली म्हणजे तिचे गांभीर्य ध्यानात येते. घरची मोटार दिवसातून एखाददुसऱ्या वेळी निघते. मालाची गाडी पहाटेपासून रस्त्यावर असते, पगारी चालकाच्या हाती असते आणि भार घेऊन धावते. विमा चालू असेल तर त्रयस्थाच्या भरपाईचा भार विमा कंपनी उचलते. परंतु नव्या धन्याने विम्याचे नूतनीकरणच केले नाही तर? भरपाईच्या रकमेला वरची मर्यादा नाही आणि वसुली जुन्या मालकाच्या दारात येते. तीन लाखांना विकलेल्या गाडीपायी राहत्या घरावर जप्तीची वेळ येऊ शकते.

असे असूनही हस्तांतर का रखडते? एक कारण विश्वासाचे आहे. गाडी बहुधा ओळखीत, नात्यात किंवा शेजारच्या गाळ्यावर विकली जाते. 'आपल्यातलाच माणूस आहे, कागद होतील सावकाश' या एका वाक्यावर किल्ली दिली जाते. दुसरे कारण दलालांच्या सोयीचे आहे. विकणाऱ्याकडून नमुना २९ व ३० वर कोऱ्या सह्या घेऊन ठेवल्या की ती गाडी तीन-चार हातांतून, प्रत्येक वेळी हस्तांतराचा खर्च वाचवीत, फिरविता येते. बाजारात याला 'ओपन पेपर' म्हणतात आणि ते सवलतीसारखे सांगितले जाते. सही केलेला कोरा धनादेश कोणी व्यापारी दलालाकडे ठेवणार नाही. कोरा नमुना ३० हा त्याचाच भाऊ आहे.

व्यावसायिक विक्रेत्याकडून गाडी घ्यावयाची असल्यास १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या नियमांचा उपयोग होतो. जुन्या वाहनांच्या विक्रेत्याने नोंदणी अधिकाऱ्याकडून प्राधिकारपत्र घ्यावयाचे असते आणि गाडी त्याच्या ताब्यात आल्याची ऑनलाइन सूचना मालकाने दिली की विक्रेताच त्या गाडीचा मानीव मालक ठरतो. म्हणजे गाडी गाळ्यावर उभी असतानाची किंवा चाचणीसाठी फिरत असतानाची जबाबदारी त्याची. असे प्राधिकारपत्र आहे काय, हे विचारण्यात संकोचाचे काहीच कारण नाही. ज्याच्याकडे ते नाही, त्याच्याकडील गाडीचा खरा मालक समोर बसल्याशिवाय बोलणी पुढे नेऊ नयेत.

मालकाच्या नावातही गुंता असतो. नोंदणी दिवंगत वडिलांच्या नावावर आणि विकणारे दोघे भाऊ, असे असेल तर आधी नमुना ३१ प्रमाणे वारसाचे नाव लागले पाहिजे. नोंदणी भागीदारी पेढीच्या नावावर असेल तर एका भागीदाराची सही पुरेशी आहे असे गृहीत धरू नये. सर्व भागीदारांचे अधिकारपत्र घ्यावे. पेढीतून बाहेर पडलेला भागीदार वर्षभराने हरकत घेऊन उभा राहतो, तेव्हा गाडी उभीच राहते.

नोंदणीपत्रावर बँकेचा किंवा वित्तसंस्थेचा बोजा आहे काय, हे पाहणे हा यापुढचा टप्पा. 'कर्ज केव्हाच फिटले' हे विधान अनेकदा खरे असते. पण कर्ज फिटणे आणि बोजा उतरणे या दोन वेगळ्या घटना आहेत. वित्तसंस्थेचे ना-हरकत पत्र आणि नमुना ३५ हे दोन्ही दाखल झाल्याखेरीज बोजाची नोंद निघत नाही. आणखी एक खाचखळगा बाहेरच्यास सहसा दिसत नाही. गाडीचे कर्ज पूर्ण फिटले असले तरी तोच कर्जदार दुसऱ्या एखाद्या खात्यात थकबाकीदार किंवा जामीनदार असल्यास संस्था ना-हरकत पत्र अडवून धरू शकते. म्हणून पत्र प्रत्यक्ष हाती आल्यावरच इसार द्यावा. कर्ज अद्याप शिल्लक असेल तर शिलकीची लेखी रक्कम मागवून तेवढे पैसे थेट कर्जखात्यात भरावेत व उरलेले विकणाऱ्यास द्यावेत. सगळी रक्कम त्याच्या हाती देऊन 'आता तुम्ही कर्ज फेडा' असे म्हणणे भाबडेपणाचे आहे.

बाकीची कागदपत्रे घरबसल्या पडताळता येतात. वाहन क्रमांक टाकला की 'परिवहन'च्या संकेतस्थळावर नोंदणीची तारीख, योग्यता प्रमाणपत्राची मुदत, विमा, कर आणि बोजा दिसतो. मालवाहू गाडीचे योग्यता प्रमाणपत्र आठ वर्षांपर्यंत दोन-दोन वर्षांसाठी व त्यानंतर दरवर्षी घ्यावे लागते. महाराष्ट्रात आठ वर्षांनंतर पर्यावरण करही लागतो. त्यामुळे साडेसात वर्षांची गाडी स्वस्त वाटली तरी तिचा खर्चिक काळ घेणाऱ्याच्याच वाट्यास येणार असतो. वाहतूक पोलिसांची थकीत ई-चलने किती आहेत, १ एप्रिल २०१९ पूर्वीच्या गाडीवर उच्च सुरक्षा क्रमांकपट्टी बसली आहे काय, हेही पाहावे. एकूण भारित वजन ३,००० किलोपर्यंत असलेल्या मालगाडीस परवान्यातून सूट आहे. त्याहून जड पिकअपला तो लागतो. दिल्ली परिसरात जुन्या डिझेल गाड्यांवर आलेल्या निर्बंधांमुळे तिकडील गाड्या स्वस्तात दक्षिणेकडे आल्या. मात्र परराज्यातील गाडीस ना-हरकत प्रमाणपत्र, येथील कर आणि नवी नोंदणी यांचा खर्च धरला की तो स्वस्तपणा फारसा उरत नाही. चालकाबाबत एक दिलासा आहे. ७,५०० किलोपर्यंतची मालगाडी हलक्या वाहनाच्या साध्या परवान्यावर चालविता येते, हे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने नोव्हेंबर २०२४ मध्ये निःसंदिग्धपणे सांगितले आहे.

आता प्रत्यक्ष गाडीकडे. पिकअप किती किलोमीटर धावली यापेक्षा तिने काय वाहिले, हे अधिक बोलके असते. मीटर मागे फिरविता येतो, लोखंड मागे फिरविता येत नाही. कापडाचे तागे, औषधांची खोकी किंवा फरसाण वाहिलेली दीड लाख किलोमीटरची गाडी ही सिमेंट, सळया किंवा वाळू वाहिलेल्या ऐंशी हजार किलोमीटरच्या गाडीपेक्षा सहसा चांगल्या प्रकृतीची निघते. विकणारा आपला धंदा सांगेलच. पण हौद्याचा तळ पाहिला तरी पुष्कळसे कळते. पत्र्यावर सारख्या अंतरावर पडलेले खोल खड्डे, कोपऱ्यात साचलेली सिमेंटची पुटे, मागच्या फाळक्याच्या वाकलेल्या बिजागऱ्या, हे सारे जुन्या मालाचे दप्तरच होय. मागच्या पाट्यांची संख्या मोजावी आणि त्याच प्रकारच्या दुसऱ्या गाडीशी ताडून पाहावी. जादा पाटा घातलेला असेल तर ती गाडी क्षमतेपेक्षा अधिक भार वाहत होती, यास दुसरा पुरावा नको. मग खाली वाकून, पाटे जेथे चासीला अडकविलेले असतात तेथे तडा किंवा नवे वेल्डिंग आहे काय, हे विजेरीने पाहावे. चासीवर नव्याने फासलेला काळा रंग पाहून खूश होऊ नये. तो काय झाकतो आहे, हे विचारावे.

एक उपाय फार थोडे लोक करतात. रिकामी गाडी वजनकाट्यावर घालावी. नोंदणीपत्रावर रिकाम्या गाडीचे वजन दिलेले असते. काट्यावर ते पावणेदोनशे किलोने अधिक भरले, तर हौदा उंचावलेला किंवा पाटे वाढविलेले आहेत आणि तेवढा माल कायद्याने कमी भरता येणार आहे, हे काही रुपयांच्या पावतीत कळते. जादा भारासाठी २०१९ च्या दुरुस्तीनंतर वीस हजार रुपये आणि वरच्या प्रत्येक टनास दोन हजार असा दंड आहे. बदललेला हौदा योग्यता तपासणीतही अडतो, हे निराळेच.

इंजिन पाहण्यास सकाळी, आणि न कळविता, जावे. विकणारा गाडी आधीच गरम करून ठेवीत असेल तर थंड इंजिनाचे दुखणे लपते. बॉनेटवर हात ठेवून ती थंड असल्याची खात्री करावी व मगच किल्ली फिरवावी. पहिल्या-दुसऱ्या फेऱ्यात सुरू झाली तर उत्तम. निळसर धूर सतत येत राहिला तर इंजिन ऑइल जाळत आहे. पांढरा धूर गरम झाल्यावरही थांबला नाही आणि पाणी कमी होत असेल तर हेड गॅस्केटची शंका घ्यावी. जोर दिल्यावर दाट काळा धूर निघाला तर इंधनपुरवठा किंवा टर्बो तपासावा. चालू इंजिनाचे ऑइलचे झाकण काढल्यावर तेथून धुराचे झोत येऊ लागले तर इंजिन बांधण्यास आले आहे. ही तपासणी आपल्या ओळखीच्या मेकॅनिककडून, त्याला त्याची दिवसाची मजुरी देऊन करून घ्यावी. विकणाऱ्याने सुचविलेला मेकॅनिक कितीही गुणी असला तरी या कामी नको.

आणि चाचणी भारासह घ्यावी. रिकामी पिकअप सातारा रस्त्यावर सुंदरच पळते. तिच्यात टनभर माल घालून जुना कात्रज घाट किंवा बोपदेव घाट चढविला म्हणजे क्लच घसरतो काय, तापमानाचा काटा कोठवर जातो, दुसरा गिअर उडतो काय, हे सारे अर्ध्या तासात उघड होते. उतरताना ब्रेकची परीक्षा होते. भार घालून चाचणी देण्यास जो नकार देतो, त्याच्या गाडीबाबत अधिक वेळ दवडण्यात अर्थ नाही.

एप्रिल २०२० नंतरच्या, म्हणजे बीएस-६ मानकाच्या गाड्यांचा प्रश्न थोडा वेगळा आहे आणि पेठेतल्या व्यापाऱ्याने तो विशेष समजून घ्यावा. या गाड्यांच्या धुराड्यात काजळी अडविणारी गाळणी असते. अडकलेली काजळी जाळून टाकण्यास गाडी काही काळ चांगल्या वेगात, तापलेल्या स्थितीत चालावी लागते. मार्केट यार्डातून नाना पेठ, तेथून लक्ष्मी रस्ता आणि परत, असा दोन-चार किलोमीटरचा, थांबत थांबत होणारा प्रवास त्या गाळणीस मानवत नाही. ती तुंबत जाते, फलकावरील दिवा लागतो, गाडीचा जोर आपोआप कमी केला जातो, आणि नवी गाळणी जुन्या गाडीच्या मानाने फारच महाग पडते. केवळ पेठांतच फिरलेली बीएस-६ गाडी घेताना हे तपासलेच पाहिजे. काही मालक गाळणी कापून पोकळ नळी बसवितात. ते बेकायदा तर आहेच, शिवाय योग्यता तपासणीत उघडे पडते. आठवड्यातून एकदोनदा हमरस्त्याची फेरी असणाऱ्या व्यवसायास बीएस-६ चांगली. दिवसभर गल्लीबोळांत अडकणाऱ्यास सुस्थितीतील बीएस-४ किंवा सीएनजीवरील लहान गाडी अधिक सोयीची ठरेल.

जुनी घ्यावी की नवी, हा हिशेबही कागदावर मांडून पाहावा, कारण २२ सप्टेंबर २०२५ पासून मालवाहू वाहनांवरील जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला आहे. नव्या गाडीची किंमत उतरली असताना जुनीचा भाव आधीच्या किमतीच्या आधारे सांगितला जात असेल तर तो मान्य करू नये. कर्जाचे उदाहरण घेऊ. नव्या गाडीसाठी आठ लाख रुपये १० टक्क्यांनी पाच वर्षांकरिता घेतले तर मासिक हप्ता सुमारे १७,००० रुपये येतो. जुन्या गाडीला व्याज अधिक आणि मुदत कमी असते. पाच लाख रुपये १५ टक्क्यांनी तीन वर्षांकरिता घेतले तर हप्ता सुमारे १७,३०० रुपये होतो. महिन्याचा भार सारखाच. फरक इतकाच की जुनीचा हप्ता तीन वर्षांत संपतो आणि दुरुस्ती पहिल्या वर्षापासून सुरू होते. दिवसाला दोन फेऱ्या, आणि गाडी एखादा दिवस बंद राहिली तरी भाड्याचा टेम्पो मिळतो, अशा पेढीने जुनी घ्यावी. एक दिवसाच्या खोळंब्याने ज्याचे गिऱ्हाईक तुटते त्याने नवीच घेतलेली बरी.

कराची बाजू वेगळी पाहावी लागते. विकणारा जीएसटी नोंदणीकृत असून त्याने खरेदीच्या वेळी कराचा परतावा घेतलेला नसेल, तर जानेवारी २०२५ पासून त्यास केवळ फरकावर १८ टक्के कर लागतो. घसारा घेतलेला असल्यास हा फरक घसारावजा किमतीपासून मोजतात. ती किंमत चार लाख आणि विक्री चार लाख साठ हजारांना झाली, तर कर साठ हजारांवर, म्हणजे १०,८०० रुपये. विक्री साडेतीन लाखांना झाली, तर काहीच नाही. परतावा घेतलेला असेल तर मात्र हा मार्ग मिळत नाही आणि पाच वर्षांहून जुन्या गाडीच्या पूर्ण विक्री किमतीवर कर येतो. घेणारा करपात्र मालाचा व्यापारी असल्यास त्यास तो वळता करून घेता येतो; करमुक्त धान्य विकणाऱ्यास तेवढ्या प्रमाणात घेता येत नाही. म्हणून सौदा 'करासह' की 'कर वेगळा', हे आधीच स्पष्ट व्हावे. आयकरात स्वतःच्या मालासाठीच्या गाडीस १५ टक्के घसारा मिळतो. पण एका दिवसात एका व्यक्तीस दहा हजारांहून अधिक रक्कम रोखीने दिली असल्यास तेवढा भाग गाडीच्या किमतीतच धरला जात नाही. रोखीत मिळालेली सवलत पुढील वर्षांत घसाऱ्यात परत द्यावी लागते.

दसरा, पाडवा किंवा अक्षय्य तृतीया गाठण्याच्या घाईत यांतील निम्म्या गोष्टी सुटतात, हे विक्रेते पुरते ओळखून असतात. गाडी मुहूर्तावर दारी आणावी. तिची तपासणी आणि कागद त्याच्या आधीच्या पंधरवड्यात उरकावेत. पैशाचा शेवटचा हप्ता, साधारण किमतीचा दहावा भाग, नोंदणीपत्रावर नवे नाव दिसल्यावरच देण्याचे करारपत्रात लिहावे. ताबा दिल्याची तारीखच नव्हे तर वेळही त्यात नोंदवावी. विकणाऱ्याने नमुना २९ दाखल केल्याची पोच आपल्या दप्तरी ठेवावी आणि पुढे महिन्याभरात एकदा संकेतस्थळावर आपले नाव उतरले की नाही हे स्वतः पाहावे. घेणाऱ्याने १४ दिवसांच्या आत विमा कंपनीस हस्तांतर कळवावे, कारण त्रयस्थाच्या भरपाईचे संरक्षण गाडीबरोबर येते, पण स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचे येत नाही. जुन्या मालकाचा नो क्लेम बोनसही येत नाही. त्याच्या फरकाची रक्कम भरावी लागते. ती भरून, आपल्या नावाचे विमापत्र हाती आल्यावर पहिला माल भरावा.